ज्यांच्या काचेपुढे कोणी थांबत नाही

कोणत्याही मोठ्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांऐवजी थोडा वेळ माणसांकडे पाहत उभे राहिले, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. वाघाच्या आवाराभोवती दाटी असते, मुले वडिलांच्या खांद्यावर बसलेली असतात आणि वाघ गाढ झोपला असला तरी तो कूस बदलेल या आशेवर सगळे ताटकळत राहतात. तिथून थोड्याच अंतरावर बेडकांच्या, गोगलगाईंच्या, कोळ्यांच्या काचपेट्या असतात आणि तिथली माणसे चालता चालताच पाहतात. कोणी नाक मुरडतो, कोणी 'यात काही दिसतच नाही' म्हणतो आणि पुढे सरकतो. त्या काचेमागे कधीकधी असा जीव बसलेला असतो, की त्याच्या जातीचे जगात उरलेले सगळे वंशज अशा मोजक्या काचपेट्यांतच आहेत.

आपण कोणापुढे थांबतो आणि कोणाला ओलांडून जातो, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर लिहिण्याची गरज पडली नसती. कोणत्या प्राण्याचा अभ्यास होतो, कोणासाठी पैसा उभा राहतो, कोणाच्या अधिवासाभोवती कुंपण पडते आणि कोण कसलाही गाजावाजा न होता संपून जातो, हे बऱ्याच अंशी त्या थांबण्यावरून ठरते. म्हणून ही आवड मुळात येते कुठून, तिचे पैशात रूपांतर कसे होते आणि प्राणिसंग्रहालय त्यात काय बिघडवू किंवा सुधारू शकते, हे क्रमाने समजून घ्यायला हवे.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्ट्स यांनी १९४३ साली एक साधे निरीक्षण मांडले. मोठे डोके, गोल उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय ही माणसाच्या तान्ह्या बाळाची ठेवण आहे. ती दिसली की आपल्या मनात माया दाटून येते आणि ती दुसऱ्या प्राण्याच्या चेहऱ्यात दिसली तरीही तसेच होते. पांडाच्या डोळ्यांभोवतीचे काळे डाग त्याचे मुळातले लहान डोळे मोठे भासवतात, म्हणून तो आपल्याला बाळासारखा वाटतो. ज्याला चेहराच नाही अशा शिंपल्याला किंवा ज्याला आठ डोळे आहेत अशा कोळ्याला ही सवलत मिळत नाही.

नावडीच्या बाजूला दोन वेगळ्या भावना असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली भीती, दुसरी किळस. मगरीची किंवा नागाची भीती वाटते, तरीही माणूस काचेला नाक लावून त्यांच्याकडे पाहतो. भीतीत दबदबा असतो आणि दबदब्यात आकर्षण असते. किळसेत तसे काही नसते, ती माणसाला फक्त दूर लोटते. कुजलेल्या, सडलेल्या, बुळबुळीत वस्तूंपासून दूर राहिल्याने रोग टळतात, म्हणून ही भावना माणसाच्या उपयोगाचीच आहे. पण जे प्राणी कुजके संपवण्याचे काम करतात त्यांनाच ती कुजक्याचा कलंक चिकटवते. गिधाडाचे डोके बोडके असते, ते मेलेल्या जनावराच्या शरीरात डोके खुपसून खाताना पिसे रक्ताने माखू नयेत म्हणून. हीच सोय आपल्याला ओंगळ दिसते.

एकदा नाव बदनाम झाले की पुढचे सगळे त्याच नजरेने पाहिले जाते. नावडतीचे मीठ अळणी, तशातला हा प्रकार. तरस म्हणजे सिंहाच्या उष्ट्यावर जगणारा भित्रा चोर, ही समजूत फार जुनी आहे. १९६०च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी टांझानियातील न्गोरोंगोरोच्या विवरात रात्रीच्या वेळी ठिपकेदार तरसांचा पाठलाग केला, तेव्हा उलटेच चित्र समोर आले. तरस रात्री स्वतः शिकार करत, त्यांचा गलबला ऐकून सिंह येत आणि ती शिकार बळकावत. सकाळी माणसे तिथे पोहोचत तेव्हा सिंह खात असत आणि खरा शिकारी बाजूला ताटकळत बसलेला असे. माणसांनी पाहिले ते खोटे नव्हते, त्यांना पोहोचायला उशीर झाला होता.

कधी दोष पाहण्याच्या जागेचा असतो. २०१३ साली एका लोकमतचाचणीत ब्लॉबफिश नावाचा मासा जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरला, आणि त्याचे ओघळलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र सर्वत्र पोहोचले. हा मासा समुद्रात सहाशे ते बाराशे मीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली राहतो आणि तिथे तो चारचौघा माशांसारखाच दिसतो. जाळ्यात सापडून वर येताना दाब नाहीसा होतो आणि त्याचे मऊ शरीर विस्कटते. आपण ज्याला कुरूप म्हणून हसलो, तो त्याचा चेहरा नव्हता, ती त्याला झालेली इजा होती.

आता पैशाकडे वळू. संवर्धन करणाऱ्या संस्थांना देणग्या लागतात आणि देणगीदाराला एक चेहरा लागतो. वाघ, हत्ती, पांडा, देवमासा यांसारख्या प्राण्यांना पुढे करून मोहीम चालवली जाते. अशा प्राण्यांना 'ध्वजवाहक प्रजाती' म्हणतात. त्यामागचा युक्तिवाद मला लबाडीचा वाटत नाही. मोठ्या प्राण्याला मोठे जंगल लागते, ते जंगल राखले की त्यातले कीटक, बेडूक, वेली, बुरश्या सगळेच छत्रीखाली येतात, असा तो विचार आहे. पांडाच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरला. त्याच्यासाठी चीनने डोंगरातली जंगले राखली, पांडांची स्थिती इतकी सुधारली की २०१६ साली धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याला 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' या कमी धोक्याच्या वर्गात आणण्यात आले, आणि त्याच डोंगरांतल्या अनेक लहान प्राण्यापक्ष्यांना आसरा मिळाला. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की १९६०च्या दशकानंतर पांडासाठी राखलेल्या बहुसंख्य क्षेत्रांतून बिबटे, लांडगे आणि रानकुत्रे नाहीसे झाले. छत्रीखाली कोण मावते हे छत्री कोणाच्या मापाने शिवली आहे यावर ठरते.

ज्यांच्यापर्यंत ती छत्री पोहोचतच नाही, त्यांची अडचण आणखी मागे सुरू होते. धोक्यात असलेला प्राणी म्हणून नोंद व्हायला आधी कोणीतरी त्याची तपासणी करावी लागते. जगातल्या जवळजवळ सर्व पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची तपासणी लाल यादीसाठी झालेली आहे. कीटकांच्या ज्ञात दहा लाख प्रजातींपैकी मात्र जेमतेम एका टक्क्याची झाली आहे. तपासणी नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून निधी नाही आणि निधी नाही म्हणून तपासणी नाही, असे हे चक्र आहे. उभयचरांची तपासणी तरी झाली आहे. पक्ष्यांतल्या साधारण आठातल्या एका प्रजातीला आणि सस्तनांतल्या चारातल्या एकीला नामशेष होण्याचा धोका आहे, तर बेडूक, भेक (टोड), सॅलमँडर या उभयचरांत हे प्रमाण दर पाचांत दोन इतके आहे. निधीच्या वाटपात हा क्रम पाळला जात नाही.

या चित्रात प्राणिसंग्रहालयाची जागा कोणती? लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ साली सुरू झाले ते अभ्यासासाठी. सामान्य लोकांना तिथे प्रवेश मिळायला १८४७ साल उजाडावे लागले. पुढे शतकभर बहुतेक ठिकाणी 'जितके मोठे आणि दुर्मिळ, तितके चांगले' हीच दृष्टी राहिली. ब्रिटिश निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल यांनी १९५९ साली जर्सी बेटावर स्थापन केलेल्या प्राणिसंग्रहालयाने वेगळा पायंडा पाडला. तिथे नामशेष होत चाललेल्या आणि फारशा कोणाला माहीत नसलेल्या प्राण्यांना प्राधान्य मिळाले, आणि बोधचिन्ह म्हणून निवडला गेला तो डोडो, म्हणजे माणसाच्या हातून संपलेला पक्षी.

बंदिवासातले प्रजनन म्हणजे नर-मादी एकत्र ठेवणे, इतके ते सोपे नाही. प्रत्येक जिवाची वंशावळ नोंदवहीत ठेवावी लागते, जवळच्या नात्यात संबंध येऊ नये म्हणून जोड्या ठरवाव्या लागतात, आणि पुरेसे जनुकीय वैविध्य टिकवायचे तर काही डझन किंवा शेकडो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागतात. इथे जागेचे साधे गणित आडवे येते. हत्तींच्या एका कळपाला जेवढी जागा आणि जेवढा खर्च लागतो, तेवढ्यात बेडकांच्या किंवा गोगलगाईंच्या कित्येक प्रजातींची हजारोंची संख्या सांभाळता येते. शिवाय २००३ साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी दाखवून दिले, की नैसर्गिक स्थितीत लांबवर फिरणारे ध्रुवीय अस्वलासारखे मांसाहारी प्राणी बंदिवासात सर्वांत जास्त त्रासात असतात. ते तासन्‌तास येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लेही जास्त दगावतात. म्हणजे जे प्राणी पाहायला लोक येतात त्यांतले काही बंदिवासाला सर्वांत कमी योग्य असतात, आणि ज्यांना तिथे सहज नीट ठेवता येते, ज्यांना त्या आसऱ्याची निकड असते, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. प्राणिसंग्रहालयांविषयीच्या वादात हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच फारसा बोलला जात नाही.

लॉर्ड हाउ बेटावरच्या काडीकिड्याची हकिगत या संदर्भात सविस्तर सांगायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या या लहान बेटावर हाताच्या पंजाएवढा, काळा चकचकीत, पंख नसलेला किडा मुबलक होता. १९१८ साली एक जहाज किनाऱ्याजवळ खडकाला लागले, त्यातून काळे उंदीर बेटावर उतरले आणि काही वर्षांतच किडा नाहीसा झाला. जवळपास ८० वर्षे तो नामशेष समजला जात होता. तिथून २३ किलोमीटर अंतरावर बॉल्स पिरॅमिड नावाचा एक उघडाबोडका सुळका समुद्रातून साडेपाचशे मीटर उंच उभा आहे. २००१ साली संशोधक त्या सुळक्यावर चढले. दिवसा त्यांना एका झुडपाखाली ताज्या लेंड्या दिसल्या. हा किडा निशाचर असल्यामुळे ते रात्री दिवे घेऊन, जीव मुठीत धरून पुन्हा वर गेले, आणि त्या झुडपाच्या आसपास त्यांना चोवीस किडे सापडले. ती त्या जातीची जगातली सगळी ज्ञात संख्या होती.

२००३ साली तिथून फक्त दोन जोड्या आणण्याची परवानगी मिळाली. एक जोडी लवकरच दगावली. दुसरी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात होती आणि तिच्यातली मादी आजारी पडली. अशा किड्याच्या आजारावर कोणते औषध द्यायचे हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तिथले कीटकपाल पॅट्रिक होनन यांनी कॅल्शियम आणि मधुरस यांचे मिश्रण करून ते थेंबाथेंबाने तिच्या तोंडाला लावले, आणि ती वाचली. तिच्या अंड्यांतून पुढे हजारो किडे झाले. होनन यांनीच पाहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे हे किडे जोडीने झोपतात, आणि झोपताना नर आपले पाय मादीच्या अंगावर टाकतो. ज्या किड्याकडे पाहून अंगावर काटा येतो, त्याच्याविषयी एवढे कळले तरी नजर थोडी बदलते. पुढे २०१९ साली लॉर्ड हाउ बेटावर उंदीर-निर्मूलनाची मोठी मोहीम राबवली गेली, कारण उंदीर असेपर्यंत किडे परत नेण्यात काहीच अर्थ नव्हता.

प्राणिसंग्रहालयांची मर्यादा इथेच आहे. ती काळ रोखून धरू शकतात, पण मूळ कारण बाहेरच दूर व्हावे लागते. टांझानियातल्या किहान्सी घळीत धबधब्याच्या तुषारांवर जगणारा दोन सेंटिमीटरचा एक भेक होता. त्याचे सगळे जग अवघ्या काही एकरांचे. २००० साली धरणामुळे धबधब्याचे बहुतेक पाणी वळवले गेले, तेव्हा ४९९ भेक उचलून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. २००९ साली तो नैसर्गिक अधिवासातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. घळीत कृत्रिम तुषार पाडण्याची व्यवस्था बसवल्यावर २०१२ साली त्याचे वंशज तिथे परत नेता आले. ती व्यवस्था नसती तर ते काचपेट्यांतच राहिले असते.

गिधाडांच्या बाबतीत या दोन्ही बाजू आणखी ठळक दिसतात. दक्षिण आशियात १९९०च्या दशकात गिधाडे झपाट्याने कमी होऊ लागली. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक पंधराएक वर्षांत गेली. गुराढोरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याचे मूत्रपिंड निकामी करते आणि पक्षी काही दिवसांत मरतो, हे २००४ साली सिद्ध झाले. एका मृत जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो, म्हणून शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असले तरी एवढा संहार होऊ शकतो. २००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणात पिंजोर येथे प्रजनन केंद्र चालवले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे जातात. तेव्हा हे काम किती धीराचे असेल याची कल्पना यावी. गिधाडे गेल्यामुळे मृत जनावरे उघड्यावर सडत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात भारतात त्यामुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. ज्या पक्ष्याचे नाव आपण दुसऱ्याच्या मरणावर टपलेल्या माणसाला शिवी म्हणून देतो, तो आपल्याला इतक्या मरणांपासून वाचवत होता.

जीव वाचवणाऱ्यांच्या नजरेलाही आवडनिवड असतेच. कॅलिफोर्नियातले कॉन्डॉर हे महाकाय गिधाड १९८७ साली जगात फक्त २७ उरले होते. सगळे पकडून त्यांचे प्रजनन केले गेले आणि आज ते पाचशेहून अधिक आहेत. पण पकडलेल्या पक्ष्यांच्या अंगावरच्या उवा औषध लावून मारून टाकल्या गेल्या, आणि केवळ कॉन्डॉरच्याच अंगावर राहणारी उवेची एक जात त्यात कायमची संपली असे मानले जाते. तिने पक्ष्याचे फारसे काही बिघडवल्याचा पुरावा नव्हता. याउलट आसामच्या उंच गवताळ प्रदेशात राहणाऱ्या, मांजरापेक्षा थोड्याच मोठ्या पिग्मी हॉग या रानडुकराच्या अंगावरची ऊ आज लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे. उवेलाही नोंदीत जागा मिळाली, ही मला फार मोठी मजल वाटते.

लोकांची नजर बदलते ती उपदेशाने फारशी नव्हे; जवळून, सावकाश पाहायला मिळाले तर बदलते. उत्तर अमेरिकेतला 'दफन करणारा भुंगेरा' हा मेलेल्या पक्ष्यांवर आणि उंदरांवर जगणारा कीटक आहे, आणि तिथल्या काही प्राणिसंग्रहालयांनी त्याची पैदास करून त्याला परत सोडले आहे. त्याचे काम पाहण्यासारखे असते. नर आणि मादी मिळून मेलेल्या पक्ष्याखालची माती उकरतात, तो हळूहळू जमिनीत उतरतो, मग ते त्याची पिसे काढतात, मांसाचा गोळा वळतात आणि तो सडू नये म्हणून त्याला आपल्या शरीरातला स्राव फासतात. अळ्या बाहेर आल्या की त्या तोंड वर करून अन्न मागतात आणि आईबाप दोघेही त्यांना घास भरवतात. काचेमागे हे चाललेले असताना शेजारी कोणी दोन वाक्यांत समजावून सांगणारे असेल, तर तिथून माणूस नाक मुरडून निघून जात नाही.

मात्र नुसते आवडते करून टाकणे हाही उपाय नव्हे. लाजवंती (स्लो लोरिस) या मोठ्या डोळ्यांच्या निशाचर प्राण्याला गुदगुल्या केल्याच्या चित्रफिती लोकांनी कौतुकाने पाहिल्या. तो हात वर करतो ते आनंदाने करत नाही. त्याच्या कोपराजवळ विषग्रंथी असते आणि ती त्याची बचावाची पवित्रा-स्थिती आहे. त्या कौतुकामुळे पाळण्यासाठी त्याची मागणी वाढली. प्राण्याला समजून घेणे आणि त्याचा लळा लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संवर्धनाला पहिलीची गरज जास्त आहे.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटावर पार्ट्युला नावाच्या, नखाएवढ्या गोगलगाई राहत. पिके खाणाऱ्या एका परक्या मोठ्या गोगलगाईचा बंदोबस्त करावा म्हणून १९७७ साली तिथे एक शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने मोठीला सोडून पार्ट्युलाच फस्त केल्या. दहाएक वर्षांत मूरियावर त्या जवळजवळ संपल्या. संशोधकांनी वाचवलेल्या थोड्या गोगलगाई लंडन, ब्रिस्टल, एडिनबरा अशा ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या गेल्या. सगळ्या काही तगल्या नाहीत. रायाटिया या दुसऱ्या बेटावरच्या पार्ट्युला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय १९९६ साली लंडनच्या काचपेटीतच मेली. उरलेल्यांना २०१५ पासून बेटांवर परत सोडायला सुरुवात झाली. सोडण्यापूर्वी प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा एक ठिपका लावतात. तो विशिष्ट प्रकाशात चमकतो, त्यामुळे रात्री पानांखाली शोधताना ती ओळखू येते. २०२४ साली मूरियावर पाहणी करणाऱ्यांना पार्ट्युला तोहिवियाना या जातीच्या काही पूर्ण वाढलेल्या गोगलगाई सापडल्या. त्यांच्या शंखावर ठिपका नव्हता. त्या तिथेच, झाडावर जन्मल्या होत्या.